व्हिजिटिंग कार्ड

पहिल्या वेळी पाच जण आले होते,
जेल रोडवरच्या माझ्या छापखान्यात,
तिघे एका स्कूटरवर, दोघे चालत.
कंपनीचं नाव घागर.
मोबाइलवर बोट टेकवलं की पाण्याची कॅन दारात.
हुद्दा काय टाकू, विचारलं, तर हसले.
चिन्मय तारे म्हणाला, काका,
सकाळी कॅन मीच उचलतो, नंबर टाका फक्त.
बारा पॉइंटात नाव, खाली नंबर,
उरलेलं सगळं पांढरं.
इतकं मोकळं कार्ड मी नंतर छापलं नाही.

दिवाळीनंतर बंगळूरहून पैसे आले.
विजयनगरात काचेचं ऑफिस, सातवा मजला.
अकरा नावं आली, अकराही हेड.
मग हेडांवर डायरेक्टर,
डायरेक्टरांवर व्हाइस प्रेसिडेंट,
आणि एक बाई नुसत्या संस्कृतीच्या प्रमुख.
एक धोरण आणि समन्वय बघायचा,
दुसरा समन्वयाचं धोरण.
दोघांनी एकमेकांची प्रूफं तपासून
तीनदा परत पाठवली.

हुद्दे लांबत गेले, अक्षर बारीक होत गेलं.
नऊ, आठ, साडेसहा.
त्याच्या खाली माझं मशीन ऐकत नाही,
ए आणि ओ यांची पोटं शाईनं भरतात,
मोठा साहेब, छोटा साहेब,
चष्म्यातूनही सारखेच दिसतात.

दरम्यान माझ्याच दुकानात तीन दिवस कॅन नाही.
ॲप म्हणतं, तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे.
मी ड्रॉवरमधलं जुनं कार्ड काढून
चिन्मयला लावला फोन.
कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, सर मीटिंगमध्ये आहेत,
कशाबद्दल होतं?
पाण्याबद्दल, म्हटलं.
पलीकडे थोडा वेळ शांतता.

मंगळवारी बत्तीस डबे तयार झाले.
न्यायला भेरूलाल आला,
सांवेर रोडच्या गोदामातला.
तो आणि दोन पोरं, आठशे घरं.
मोपेडच्या मागच्या सीटवर त्यानं डबे रचले,
सुतळीनं आवळले, हेल्मेटच्याही वर गेले.
बसला तर पुढचं चाक उचलायला लागलं.
उतरला. चार डबे पायाशी घेतले.
म्हणाला, वरच फार झालं, भिया.

मग सहज विचारावं तसं,
यात माझं नसेल ना?
मी यादी पाहिली. उगाच दोनदा पाहिली.

कापून उरलेल्या जाड कागदाची पट्टी होती,
मशीन गरम होतं.
हुद्दा काय टाकू?
तो रस्त्यावरच्या गर्दीकडे बघत राहिला जरा,
म्हणाला, नंबर बरोबर टाका बस,
लोक मलाच फोन करतात.

बारा पॉइंटात काढली, पंचवीसेक निघाली.
शाई ओली होती.
दोन्ही तळव्यांवर पसरून
फुंकर घालत उभा राहिला तो,
आणि खिशात फोन वाजत होता,
घ्यायला हात मोकळा नव्हता.