बाह्यांचं माप

सेवान सरोवराच्या काठी, वारुझान उस्तादांच्या अंगणात
माझं काम एवढंच : दगडावर पाणी मारत राहायचं,
छिन्नीमागून उठणारी तांबडी भुकटी
त्यांच्या छातीत जाऊ नये म्हणून.
तरी ती जायचीच. रात्री ते खोकायचे
आणि मला वाटायचं, आत कुणीतरी अजून काम करतंय.

शुशानिक आली त्या दिवशी फार वारा होता.
तिच्याकडे फोटो नव्हता, कागद नव्हता,
एक स्वेटर होता, उदी रंगाचा,
कोपरावर रफू केलेला.
आर्ताक सीमेवर गेला तो गेलाच.
पेटीसुद्धा आली नाही.
"माती द्यायला हातात काही नाही," ती म्हणाली,
"दगड तरी उभा करा."
केवढा?
तिने स्वेटर फळीवर पसरला,
दोन्ही बाह्या ताणून धरल्या.
"एवढा."

मी टेप लावला. या मनगटापासून त्या मनगटापर्यंत
एकशे बेचाळीस.
एवढ्या रुंद दगडाला पैसे लागतात, उस्ताद म्हणाले.
ती म्हणाली, मोजे विणून देईन.
(दिलेही. माझा एक जोड अजून आहे, टाचेला विरलेला.)

आमच्याकडे खाचकारावर माणूस कोरत नाहीत.
खिळे नाहीत, काटे नाहीत, बरगडीतली जखम नाही.
नुसता क्रूस, आणि त्याच्या पायथ्यातून
दोन्ही अंगांनी वर चढणारी पानं,
जणू कुणी लाकूड तोडून रोवलं
आणि तू मेलायस हे त्याला सांगायचं
राहून गेलं.
मी एकदा विचारलं होतं, मग येशू कुठाय?
"उतरवला," उस्ताद म्हणाले,
"त्यालाही घर असेलच की."
मला ती थट्टा वाटली होती.

शुशानिक रोज यायची, भिंतीच्या उन्हात बसायची.
तिच्या सुया टकटक, यांची छिन्नी टकटक.
कडेची वेलबुट्टी होत आली तेव्हा
ती उठली, बोट ठेवलं :
"इथे धागा खालून जायला हवा होता. टाका चुकलाय. उसवा."

उस्तादांनी चष्मा पुसला. वाकून पाहिलं.
चुकला होता.
"दगड उसवत नाही, बाई."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग ती म्हणाली, स्वेटर मात्र चारदा उसवलाय मी.
हिवाळा तोंडावर आला की वाटतं,
आता दंड भरले असतील त्याचे,
थोडा सैल करावा.

उस्ताद खाली बसले, दगडाला पाठ टेकून.
"त्या शुक्रवारचंही उसवता आलं नाही," ते म्हणाले,
तिला नाही, कुठेतरी सरोवराकडे बघत,
"देवालासुद्धा नाही.
रविवारी तो आला ना,
तेव्हा तळव्यांतली भोकं तशीच होती."

तिने उत्तर दिलं नाही.
सुया पुन्हा सुरू झाल्या, थोड्या सावकाश.

दगड उभा केला तो पश्चिमेकडे तोंड करून, रीतीप्रमाणे.
दुपार कलली तशी उन्हं तिरपी झाली
आणि चुकलेला टाका सगळ्यांत आधी उजळला.
शुशानिकने स्वेटर काढला,
क्रूसाच्या आडव्या हातावर घालायला गेली,
घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला.
दगडाला खांदे नसतात.
सरोवरावरून गार वारा सुटला होता,
शेवटी तिने तो स्वतःच्याच अंगात चढवला.
बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या.
तशीच ती उतारावरून घरी गेली.

आता मीही खोकतो.
दगडावर पाणी मारायला एक पोरगा ठेवलाय.
कुणी आपल्या माणसासाठी दगड सांगायला आलं
तर मी उंची विचारत नाही.
म्हणतो, हात पसरून दाखवा, तो किती होता ते.
लोक गोंधळतात, मग पसरतात,
अंगणाच्या मधोमध तसेच उभे राहतात,
आणि मी टेप शोधायला
मुद्दाम थोडा उशीर लावतो.