चार जागा सोडून

कोर्टाच्या मागं, स्टॅम्पवाल्या तावड्यांच्या टपरीला लागून
माझं टेबल होतं. पाच वर्षं.
लोक यायचे जागेसाठी.
ओढ्याकडची जागा, आजोळची जागा,
बांधावरची दीड हात जागा,
जिच्यापायी दोन भाऊ कोरेगावहून एकाच एसटीनं येऊन
माझ्यासमोर दोन टोकांना बसायचे
आणि पिशवीतून मोडीतला कागद काढायचे,
चार घड्या घातलेला, डब्यातल्या चपातीसारखा.
मी वाचून दाखवायचे.

मोडीत जागा नसते.
पानभर आडवी रेघ आधी ओढायची,
मग तिला अक्षरं टांगत जायची.
शब्द कुठं संपला, कागद सांगत नाही.
हात उचलायचा नाही,
दम लागला तर बोरू शाईत बुडवायचा, तेवढाच विसावा.
बाबर सर म्हणायचे, 'वाटतंय' म्हणू नकोस पोरी,
दिसतंय तेवढं म्हण.

एकतिसाव्या वर्षी एमसीएला बसले. इतिहासाची बी.ए.
का, ते धड सांगता येत नाही.
निरगुडे वकिलांनी दोन वर्षांचे पैसे थकवले, हे एक.
दुसरं कारण रात्री सुचतं, सकाळी आठवत नाही.

पोवई नाक्यावरून रिक्षा, मग चढ, मग दुसरा मजला.
लॅबमधली पोरं मला ताई म्हणतात
आणि चटकन उठून खुर्ची देतात,
जणू मी बसमध्ये उभी आहे.
ब्रिज कोर्स म्हणजे पूल.
पुलावर मी आणि एक बी.कॉम.वाला ओंकारनाथ,
बाकीचे पलीकडंच जन्मलेले.

पहिली प्रॅक्टिकल परीक्षा.
सातव्या ओळीवर मशीन अडलं.
अडलं म्हणजे फतकल मारून बसलं.
कंस तपासले, नावं तपासली,
काना-मात्रा शोधत बसले
जिथं काना नाही, मात्रा नाही.
मागून सनोबर हळूच म्हणाली, 'ताई, जागा.'
कुठली जागा?
'तीनच सोडल्यात. चार हव्यात.'

मी हसले. परीक्षेत. मोठ्यानं.
घोलप मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.
पण हसू नको तर काय करू,
दीड हातासाठी माणसं जन्मभर अबोला धरताना बघितलेली मी,
आणि हे यंत्र
डासाच्या पायाएवढ्या रिकाम्या जागेसाठी
माझा अख्खा प्रोग्रॅम अडवून बसलंय.
साताऱ्याचंच असणार.

वेळ संपली. वीसपैकी सहा.

त्या रात्री वहीत उभ्या रेघा आखल्या,
चार-चार जागांवर एक,
आणि कोड त्यांना टांगत गेले.
जीभ दातात धरून, अगदी पहिलीतल्यासारखी.
आईनं दोनदा विचारलं, जेवतेस का.
खरं अवघड होतं ते सोडणं.
काही न लिहिता चार घरं पुढं जायचं
आणि तिथं थांबलेला हात बोलतो, हे मानायचं.

जुन्या पत्रांच्या शेवटी लेखनसीमा असते,
मजकूर इथं संपला, ह्यापुढं कुणी घुसडू नये.
ह्यात तसलं काही नाही.
ओळ परत समासाला आली,
की समजायचं, आतलं संपलं.

रविवारी कोरेगावच्या त्या दोघांचा फोन.
मॅडम, अजून एक कागद सापडलाय, माळ्यावर.
आले. ह्या वेळी एकाच बाकावर, मध्ये पिशवी.
सोमवारी द्यायची जर्नल बाजूला सारून
मी शेवटपर्यंत वाचलं, दोनदा.
दीड हाताचा उल्लेखच नव्हता.
नीट बघा ना मॅडम, धाकटा म्हणाला,
मध्ये कुठंतरी असंल, ओळीओळींत.

मी कागद उजेडाला धरला.
ओळीओळींत होती ती जागाच होती, रिकामी.
तेवढं सांगितलं.
थोरला बराच वेळ तिकडंच बघत राहिला.
मग म्हणाला, तुमची फी किती.