हातांपुरता उजेड

रविवारचा तीनचा खेळ, अलका चौकाजवळ.
तिकिटं कुंदा पोकळेनं काढली, मला पैसे देऊ दिले नाहीत.
शुक्रवार पेठेत, बाइंडिंगच्या कारखान्यात तिला बावीस वर्षं झाली,
कटर बिघडला की आधी तिच्या तळपायांना कळतं, मालकाला नंतर.
"तुमच्या-माझ्यावरचा सिनेमा आहे, बाई," असा मेसेज होता,
पुढे हसणारं तोंड. एकच.

पडद्यावर डोंगरातला बंगला, मुकी मुलगी,
मोजून विस्कटलेले केस,
आणि एक मास्तर, ज्याला पगाराची, तपासणीची,
संपत आलेल्या सिलेंडरची कसलीच काळजी नाही.
तो रागावला तरी मागे व्हायोलिन.
माझ्या वर्गात पंखा कुरकुरायचा
आणि तोही ऐकणारी मी एकटीच.

खाली मजकूर येत नव्हता. मी हातांनी सांगत राहिले,
छातीजवळ, पडद्याच्या उजेडात.
दिवसाचा प्रसंग असला की वाक्यं पुरी व्हायची,
रात्रीचा आला की अर्ध्यावर तुटायची.
मग ती तळहात पुढे करायची
आणि मी त्यावर बोटानं एकेक अक्षर काढायचे,
काना, मात्रा सगळं, सवयीनं.

ही हातांची भाषा मला तिनंच शिकवली, निवृत्तीनंतर.
त्याआधी पस्तीस वर्षं मी म्हणत होते,
हात मागे. तोंडानं बोल.
ओठांसमोर कागदाचा कपटा, प म्हटलं की हलला पाहिजे.
तिचा पंजा माझ्या गळ्यावर, माझा तिच्या.
'पाणी' यायला चौदा महिने लागले.
चौदा महिने ती तहानेचं काय करत होती
ते प्रगतिपुस्तकात नाही.

लाकडी पट्टीही होती.
मुलांनी माझं नावच तसं पाडलेलं:
उजव्या हाताची दोन बोटं डाव्याच्या पेरांवर, खाडकन.
माझी पाठ फळ्याकडे असताना
वर्गभर माझं नाव घेतलं जायचं.

मध्यंतरानंतर नायिकेनं लांबलचक हातवारे केले.
पुढच्या रांगेत रुमाल निघाले.
कुंदा हसायला लागली, मोठ्यानं,
मला कधीच आवरता न आलेलं ते हसू.
"काय म्हणतेय बघा. सायकल. चहा. सायकल. मामाचं लग्न."
पुढचा माणूस वळला, अहो, जरा शांत...
मी म्हटलं, तिला ऐकू येत नाही.
आणि त्याचा चेहरा झाला
पडद्यावर मघापासून दिसत होता तसाच,
गोड, ओलसर, बसल्या जागी उंच झालेला.

शेवटी स्टेजवर मुलगी तोंड उघडते.
"सर," म्हणते. एवढंच. टाळ्या.
मीही रडले, खोटं कशाला सांगू,
कागदाचा कपटा हलला होता.
कुंदानं विचारलं, काय म्हणाली?
सांगितलं.
मग दोन तास हातांनी बोलत होती ते?
ते त्या सरांना कधी कळलं?

बाहेर ऊन डोळ्यांवर आलं. उसाचा रस घेतला, बिनबर्फाचा.
मी विचारलं, माझं नाव बदलाल का गं आता तुम्ही सगळे?
तिनं दोन्ही हात मोकळे करायला ग्लास खाली ठेवला,
आणि हात तसेच राहिले, बराच वेळ.
मग, नाही. नाव ते नाव.
फक्त घेताना बोटं पेरांवर जरा हळू टेकली,
की मलाच तसं वाटलं.

चौकापलीकडे धायरीची बस लागली.
मधे अख्खं पुणं हॉर्न वाजवत होतं,
कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं.
ती खिडकीतून म्हणाली, अगदी स्पष्ट,
पुढच्या रविवारी मारामारीचा बघू,
त्यात तुम्हाला मध्ये बोलावं लागत नाही.
मी सिग्नलच्या खांबापाशी पिशवी पायांत धरली
आणि हात उंच करून म्हटलं,
तिकिटं माझी.