ग्लासाचे पैसे

प्रूइट शनिवारी येतो, दुकान उघडायच्या आधी.
मी कुलूप काढते, तो हातमोजे.
इरी सरोवरावरून सुटलेला वारा
आख्खी सीडर अ‍ॅव्हेन्यू सोलून काढत असतो.
"आलीय का?" एवढंच विचारतो.
कोण, ते मी विचारत नाही.

हॉलिस ग्रीअर, टेनर सॅक्सोफोन, पाच जणांचा ताफा.
एकसष्टच्या नोव्हेंबरात, इथून चार चौक खाली,
आता टायरचं दुकान आहे तिथल्या तळघरात
एका रात्रीत मुद्रित केलेली तबकडी.
फार गाजली नाही.
तिच्याहून थोर तबकड्या माझ्याकडे भिंतभर आहेत.
गिऱ्हाइकं येतात, दिव्याखाली तिरकी धरून
लेबलावरचा पत्ता वाचतात,
शेवटच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेली अक्षरं भिंगातून बघतात.
पहिली छपाई निघाली तर श्वास रोखतात,
दुसरी निघाली तर घासाघीस करतात.

प्रूइटकडे त्या एकाच तबकडीच्या अकरा प्रती.
मोनो. स्टीरिओ.
ओसाकाहून आलेली, कुशीला कागदी पट्टा बांधलेली.
जर्मनीची, जड.
वाचनालयाने रद्द केलेली, शिक्क्यासकट.
एक तर अशी की सुई तिच्यावरून
खडीवरच्या सायकलीसारखी जाते.

पहिल्या वर्षी म्हटलं, वेड.
दुसऱ्या वर्षी विचारलं.
त्याने दुसरी बाजू लावली.
"बास एकटा पडतो ना, तिथे ऐक."

बास एकटा पडला.
अंधारात जिना उतरावा तसा,
पायरी चाचपत, खाली, आणखी खाली,
आणि मागे कुठेतरी
काच फुटली.

एक बाई हसली.
आधी नाकातल्या नाकात, ओशाळं,
मग आवरेना म्हणून मोकळं.
बासवाला थबकला,
आणि त्या हसण्याचाच कठडा धरून
वर आला.

"अर्नेस्टीन," प्रूइट म्हणाला.
"नोकरीचा तिसराच दिवस.
ग्लासाचे पस्तीस सेंट पगारातून कापले.
मी तेव्हा तिला ओळखतही नव्हतो,
पोलादाच्या कारखान्यात, क्रेनवर, रात्रपाळीला."

पुढे त्रेचाळीस वर्षांचा संसार झाला.
पोरांच्या वाढदिवसांना कॅमेरा तिच्याच हातात,
त्यामुळे तसबिरींत सगळे आहेत.
फोनवरचा निरोप एकदा चुकून पुसला गेला.
पुसणारा तोच.

मोनोत ती जवळ आहे, पण काच तिला झाकते.
स्टीरिओत ती डावीकडे, दाराशी.
जर्मन प्रतीत हसण्याआधी घेतलेला श्वास येतो.
आणि ओसाकाच्या प्रतीत, शपथेवर सांगतो म्हणाला,
ती हळूच "अरे देवा" म्हणते.
मला नाही ऐकू आलं.
मी आलं म्हणाले.

गेल्या मार्चमध्ये नवी आवृत्ती निघाली.
मूळ फितीवरून, धुऊन पुसून, लखलखीत.
ती आलीय म्हटल्यावर तो कोट न काढताच
खुर्चीत बसला.

बास एकटा पडला.
इतका स्वच्छ की बोटाचं कातडं
तारेवरून सरकताना कळावं.
उतरला, आणखी उतरला,
आणि थबकला.
कशासाठी, ते आता कुणाला कळणार नाही.
मग वर आला, कशाचा तरी आधार धरून.

मी सुई उचलली. पुन्हा तिथेच ठेवली.
पुन्हा तेच.
रेडिएटर खडखडत होता. मला त्याचा राग आला.

"थांबतो मात्र तिथेच," प्रूइट म्हणाला बऱ्याच वेळाने.
मग पाकीट काढलं.
"बांधून दे."
मी त्याच्याकडे बघत राहिले.
"एक माणूस कमी आहे हिच्यात," तो म्हणाला,
"किमतीत बघ काही."

मी गल्ला उघडला
आणि पस्तीस सेंट
त्याच्या तळव्यावर ठेवले.

त्याने मोजून घेतले.