गाडी खाडीत दिसते

जुनी गाडी घेतली, तिच्याबरोबर काचेला चिकटवलेलं हे यंत्र आलं
आणि यंत्राच्या पोटात आधीच्या मालकाचे चार पत्ते:
घर, ऑफिस, शनिवार,
आणि एक नुसतंच टिंब.

पाम बीच रोडवर असेतोवर बाई शहाण्यासारखी बोलते.
सेक्टर चोवीस. सेक्टर सव्वीस.
तीनशे मीटरवर डावीकडे.
पेट्रोल पंप मागे पडून पिंपळाचा पार आला
की बोलती बंद.
पडद्यावर आधी करडं, मग निळं,
आणि निळ्यात माझा बाण
होडीसारखा.

मी तर डांबरावर असतो.
डावीकडे जवळा वाळत घातलेला,
उजवीकडे सायबर कॅफे होता तिथं आता वडापाव,
समोर कुणाच्या तरी हळदीचा मांडव, अर्धा रस्ता अडवून.
सातशे उंबऱ्यांची खारवंडी,
आणि हिच्या मते इथं माणूस बुडतो.

खोटं कशाला बोलू, आम्हाला त्याची मजा होती.
पोशा मढवीनं टेम्पोचे नऊ हप्ते थकवले,
वसुलीवाला तीनदा आला,
तिन्ही वेळा जेट्टीवर जाऊन उभा राहिला.
तिसऱ्या खेपेला त्याला पाण्याचा तांब्या दिला तो पोशानंच.
"खारवंडी? ती तं पल्याड," म्हणाला,
खाडीकडे बोट करून.
आठवडाभर हसलो आम्ही.

मग चैत्रात, रात्री सव्वादोनला,
ठमाकाकी.
अ‍ॅम्ब्युलन्स निघाली, आली,
आणि चालकाचा फोन: "मी पोचलोय, पण इथं पाणी आहे."
मी ओरडतोय पिंपळ, पिंपळ,
तो विचारतोय कुठला सेक्टर.
पोशा बनियनवरच धावला, टॉर्च घेऊन.
पुढचं लिहीत नाही.
पोशा अजून जेट्टीकडून जात नाही.

दिवस झाल्यावर मी दुरुस्तीचा अर्ज भरला.
रस्त्याचं नाव: हा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता.
आम्ही मिठाची वाट म्हणतो.
मिठागर बुजून तिथं टॉवर आले, तरी म्हणतो.
लिहिलं.
रुंदी: दोन सायकली आणि एक म्हैस.
ते चालेना, मीटरमध्ये हवी होती.
रात्री टेप घेऊन मोजायला गेलो तर
चार कुत्री आणि अख्खी आळी जागी,
कुणाचं घर तुटणार म्हणून.

आठ महिन्यांनी तुर्भ्याच्या एका दुकानातून
कार्डावर नवा नकाशा भरून आणला.
आई पुढच्या सीटवर, मांडीत सुकटीची पिशवी.
पिंपळ आला. बाई या वेळी गप्प बसली नाही.
"निनावी रस्त्यावर उजवीकडे वळा."

"कोन बोलली?" आई.
"यंत्र बोलतंय."
"निनावी कोनाला बोलली ती?"

पडद्यावर रेघ होती खरी,
ती वाट कधीच नव्हती इतकी सरळ,
गावदेवीच्या तळ्याच्या मधोमध गेलेली.
आईनं पदर कमरेला खोचला,
बसल्या जागी,
आणि बाईच्या आधी बोलायला लागली:

"हितं जोमाचा उकिरडा व्हता, हितं वल.
आता हलू.
हितं ठमी परलेली, शालेत असताना, गुडघा फुटला,
मीच नेली पाठीवर.
यो बांध तुझ्या बापाचा. दिसत नाय, पन हाय,
गारी उचलते बघ."

गाडी उचलली खरंच.

बाई म्हणत होती, पुनर्गणना.
थोड्या वेळानं परत, पुनर्गणना.
तळ्याच्या काठाशी मी ब्रेक लावला.
तिच्या हिशेबानं अजून एकशे वीस मीटर सरळ जायचं होतं.

आईनं काच खाली केली.
"पहिली सुकट उतरव," म्हणाली,
"वास बसंल गारीला."