पाठभेद

मी हिब्रूत दोनदा नापास झालो.
दुसऱ्यांदा उत्तरपत्रिका परत देताना अमोलिक सरांनी
कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं : अक्षर सुंदर.

ठाण्यात, चरईत, पतपेढीच्या वरच्या मजल्यावर
आमचं धर्मविद्यालय.
खाली सोनेतारण, वर जुना करार.
वर्गात नऊ जण, पुढे सहा, शेवटी
एक सिस्टर आणि मी,
आणि फळ्यावर उजवीकडून डावीकडे जाणारा
सरांचा हात,
लिहिलेलं मागून पुसत येणारी त्यांचीच बाही.

एडिनबरात सात हिवाळे काढून आले होते.
प्रबंध एका शब्दावर.
सासऱ्यांनी म्हणे विचारलं होतं,
पुरा झाला का तो शब्द?
साडेतीनशे पानं, आणि शेवटच्या प्रकरणात कबुली
की मराठीत याला काय म्हणावं ते ठरलेलं नाही.

खेसेद.
पहिलं अक्षर घशातून, मांदेलीचा काटा अडकल्यासारखं.
आमच्या छापील पुस्तकांत कुठे दया, कुठे कृपा,
कुठे दोन्ही एकाला एक बांधून.

पदोन्नती कुठली, पदच एक.
प्राचार्य झाले एकदा, दुसरं कुणी नव्हतं म्हणून.
व्याकरणाचं पुस्तक लिहिलं, पाचशे प्रती,
त्यातल्या तीनशे बारा अजून
ऐरोलीच्या घरात पलंगाखाली.
सुवार्ताबाई झाडू मारताना मोजतात.

भाषांतर-सुधारणा समितीवर अकरा वर्षं होते.
वाशीचा हॉल, पंखा,
कागद उडू नयेत म्हणून वर बिस्किटांचे पुडे.
तिथे ते म्हणाले : माया म्हणा.
राहुरीकडे त्यांची आई म्हशीखाली बसायची,
रेडकू मेलेलं, तरी कासेवरून हात फिरवत म्हणायची,
माया केल्याबिगर पान्हा सुटत न्हाई.

समिती म्हणाली, माया म्हणजे भ्रम.
वेदान्त शिरेल आपल्यात.

सर म्हणाले,
माझ्या आईला हे कुणी कळवलं नव्हतं.

इतिवृत्तात एक ओळ आहे :
प्रा. शां. भा. अमोलिक यांची सूचना नोंदवण्यात आली.
पुढे चहा.

जुने नकलाकार कसे चुकायचे, हे शिकवताना मात्र
ते खुलायचे.
एकाचा डोळा ओळ सोडून खाली उतरतो.
एकाला दिव्याचं तेल पुरत नाही.
एकाला वाटतं, मूळ लिहिणाऱ्यालाच नीट सुचलेलं नव्हतं.
हसू नका, म्हणायचे,
त्याने रात्र जागवली आहे.

मी आता महापालिकेत, पाणी बिल विभागात.
रविवारी घणसोलीत एका खोलीत
वीस-बावीस जणांपुढे वाचतो.
गेल्या रविवारी पुढे पारखेबाई बसल्या होत्या.
नवरा महापेला टाकी धुवायला उतरला
आणि दोराला नुसता दोर वर आला, त्याला तेरा दिवस.
समोर छापलेलं होतं, माझं बोट त्याच शब्दावर,
आणि तोंडून गेलं : माया.

कुणी वर पाहिलं नाही.
पारखेबाईंनी पदर तोंडाशी नेला, एवढंच.

मंगळवारी ऐरोलीला गेलो.
सर पेपर शेवटच्या पानापासून वाचत होते,
सवयच ती.
सांगितलं त्यांना. चूक झाली म्हणालो.
बराच वेळ घडी घालत राहिले पेपरची,
नको इतकी बारीक.
मग म्हणाले, पाठभेद असेच पडतात रे.
नकलणाऱ्याला घरचं काहीतरी आठवतं.

आणि उठून कपाटातून पाण्याचं बिल आणलं.
आम्ही दोघंच राहतो इथे. हा आकडा बघ.
हा कुणी लिहिला?