साठ सेकंद

सोहारच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर
एसी इतका गार, की जूनमध्ये मी स्वेटर घालते.
बाहेर अठ्ठेचाळीस अंश. क्रेनही हलत नाही.
माझं काम एवढंच: कंपनीतून निघणाऱ्या
प्रत्येक मेलचे खिसे दारात चाचपायचे.

यंत्राला शिकवलंय,
एक अक्षर, मागे सात आकडे: पासपोर्ट. थांबव.
पगाराचा तक्ता, रक्ताचा रिपोर्ट: थांबव
आणि विचार, खरंच पाठवायचंय?
बहुतेक जण न वाचताच 'हो' दाबतात.
म्हणून वर साठ सेकंदांचा उशीर.
मेल उंबऱ्यात घुटमळतो, वहाणा शोधत असल्यासारखा.
तेवढ्यात माणसाला काही आठवलं तर आठवलं.

हे सगळं दिलावर परकारनंतरचं.
दाभोळचा वेल्डर. वर्षाची मेडिकल, छातीच्या फोटोत डाग.
एचआरच्या बिजॉयने डॉक्टर पद्मनाभनसाठी
'पी' दाबलं, आणि यादीने सुचवलं 'प्लान्ट – सर्व'.
चारशे अकरा माणसं.

कॅम्पात, बारा नंबरच्या खोलीत,
त्याच्या आधी त्याच्या ताटाला कळलं.
ते वेगळं ठेवलेलं होतं.
भाजी कुणीतरी वरून वाढली.
"काय झालं रे?" त्याने विचारलं,
मोबाइलमधून मान कुणी वर केली नाही.

पाठवलेला मेल परत मागवता येतो म्हणतात.
बिजॉयने मागवला.
चारशे अकरा जणांना दुसरा मेल गेला,
की पहिला परत हवा आहे.
ज्यांनी उघडला नव्हता, त्यांनीही मग उघडला.

डाग जुना निघाला, लहानपणीच बरा झालेला.
ही बातमी मात्र नियमाप्रमाणे
फक्त दोघांना गेली.

शृंगारतळीला मामाचा एसटीडी बूथ होता.
गल्फचा फोन आला की बाई काचेआड जाई
आणि मामा काउंटरवरचा रेडिओ मोठा करी.
बाजारभाव, कोळंबी, काहीही.
रेडिओची आवड नव्हती त्याला. ऐकू यायला नको होतं.
तीस वर्षं बूथ चालवून
गावातलं त्याला काहीच माहीत नव्हतं.
मामी याला भोळेपणा म्हणायची.

मी इथे रेडिओच मोठा करते, दुसरं काय.

पण यंत्राला आकडे कळतात, तेवढेच.
रोज वीस मेल मी नमुना म्हणून उघडते.
काल एक होता, पाच जणांना, एका ओळीचा:
'बी शिफ्टचा नवा पोरगा रात्री रडतो,
कुणी बोलेल का त्याच्याशी?'
अक्षर नाही, सात आकडे नाहीत.
हिरवा दिवा. गेला.

आता सहाव्या माणसालाही माहीत आहे.
तो सहावा माणूस मी.

संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये
कोण असेल म्हणून मी टेबलांवरून नजर फिरवली,
आणि लगेच ताटात पाहिलं.
नोंदवहीत लिहून ठेवलंय:
वीस तपासले. आक्षेपार्ह काही नाही.